दानाची शिकवण : जावा बेटातील एका महिला मंडळाची कथा

स्मरणिकेसाठी 'इतिहासातले काहीतरी' लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा दरसालचा आग्रह असतो. आणि दरसाल मी आपल्याकडच्याच एखाद्या कर्तबगार स्त्रीची हकीकत लिहून त्यांचे समाधान करते. यंदा मात्र विषय दूरचा, समुद्रापलीकडचा घेतला आहे. त्याचे कारण आपल्याच मंडळात घडले, म्हणून ते आधी सांगते.

गेल्या श्रावणात साहाय्यनिधीविषयी आपली सभा भरली होती. वर्गणी मागायला गेले की दारे पूर्वीसारखी उघडत नाहीत, अशी तक्रार निघाली. एक भगिनी म्हणाल्या, "देण्याची वृत्ती उपजतच असावी लागते. ती शिकवून येत नाही." बोलण्याच्या ओघात विषय पलीकडच्या गल्लीतल्या मदरशावर गेला, आणि दुसऱ्या कोणी म्हणून गेल्या, "त्यांच्यात धर्म शिकवतात तो माणसे कडवी व्हावीत म्हणूनच." त्या वेळी आपल्या मंडळाच्या एक मुसलमान सभासद तेथेच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही; पुढ्यातली पावतीपुस्तके जुळवीत राहिल्या. आपण कोणीच काही बोललो नाही. मीही बोलले नाही. इतकी वर्षे मुलींना इतिहास शिकविलेल्या बाईला त्या वेळी दोन वाक्ये सुचू नयेत, याची रुखरुख मला बरेच दिवस लागून राहिली. तेव्हा जे बोलायला हवे होते, ते आज लिहिते आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करते. 'जकात' म्हटले की आपल्यापैकी वयस्क मंडळींना शहराच्या वेशीवरचे नाके आणि तिथे खोळंबलेले ट्रक आठवतात. 'खैरात' म्हटले की आपल्या बोलण्यात उधळपट्टी असा अर्थ निघतो. दोन्ही शब्द अरबीतून आपल्याकडे आले आणि येताना अर्थ बदलून बसले. मूळचा अर्थ निराळा आहे. जकात म्हणजे इस्लाममधले सक्तीचे दान. ते धर्माच्या पाच आधारस्तंभांपैकी एक. ठराविक मर्यादेहून अधिक शिल्लक वर्षभर आपल्याजवळ राहिली, तर तिच्यातील शेकडा अडीच भाग गरजूंचा होतो. तो कोणाला द्यायचा, याचेही आठ वर्ग कुराणात सांगितले आहेत. त्यांत गरीब व निराधार आहेत, कर्जाने पिचलेले आहेत, वाटेत अडकलेले प्रवासीही आहेत. याखेरीज रमजान ईदच्या नमाजापूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या मुलामागेसुद्धा, ठराविक माप धान्य द्यायचे असते, तो 'फित्रा'. आपखुशीने द्यायचा तो 'सदका'. आणि विहीर, शाळा, जमीन अशी मिळकत कायमची लोकांच्या उपयोगासाठी सोडून द्यायची, ते 'वक्फ'.

म्हणजे दान हा केवळ मनाच्या ओलाव्याचा विषय न ठेवता तो हिशेबाचा, मापाचा आणि शिकण्याचा विषय केलेला आहे. पण नियम पुस्तकात असणे निराळे आणि तो माणसाच्या हातात उतरणे निराळे. तो हातात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी मी तुम्हांला इंडोनेशियात, जावा बेटावरच्या योग्यकर्ता या शहरात नेणार आहे. जगात मुसलमानांची सर्वांत मोठी वस्ती असलेल्या देशांत इंडोनेशिया अग्रगण्य आहे. तरी तेथे रामायणाचे प्रयोग होतात, आणि योग्यकर्ता हे नावच अयोध्येवरून आले असे सांगतात.

योग्यकर्त्याच्या सुलतानाच्या वाड्यासमोर मोठी मशीद आहे. तिच्या भोवतालच्या वस्तीला काऊमान म्हणतात. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून. पुरुष मशिदीच्या सेवेत किंवा कापडाच्या व्यापारात, आणि बायका घरोघरी मेणाने नक्षी काढून बाटिकचे कापड रंगविण्यात गुंतलेल्या. याच वस्तीत १८६८ साली अहमद दहलान जन्मले. वडील मशिदीतले खतीब, म्हणजे शुक्रवारचे प्रवचन देणारे; पुढे तेच काम मुलाकडे आले. पोटासाठी तेही बाटिकचा व्यापार करीत. मक्केला जाऊन त्यांनी दोनदा अध्ययन केले. परत आल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की आपल्या गावातली मशीद काबेच्या नेमक्या दिशेला नाही. नमाजाची रांग थोडी वायव्येकडे कलली पाहिजे. त्यांनी आपल्या छोट्या प्रार्थनागृहात तसा बदल केला, तर वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या हुकमाने ते प्रार्थनागृहच पाडून टाकण्यात आले! दहलान गाव सोडून निघाले होते. नातेवाइकांनी समजूत घालून त्यांना परत आणले.

१९११ साली त्यांनी स्वतःच्या घरात शाळा काढली. तिथे मुले जमिनीवर न बसता बाकांवर बसत, समोर फळा असे, आणि कुराणाबरोबर गणित, भूगोल वगैरे विषय शिकविले जात. त्या वेळी जाव्यावर डचांचे राज्य होते. बाके आणि फळा ही गोऱ्या साहेबाची चाल, म्हणून लोकांनी दहलानांना काफिर ठरविले. आपल्याकडेही मुलींच्या शाळा काढणारांना काय ऐकून घ्यावे लागले, हे वाचकांना सांगायला नको. दहलानांनी वाद वाढविला नाही आणि शाळाही बंद केली नाही. १८ नोव्हेंबर १९१२ रोजी त्यांनी 'मुहम्मदिया' ही संस्था स्थापन केली.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते. इंडोनेशियातल्या शाळकरी मुलांना हा प्रसंग ठाऊक असतो.

दहलान पहाटेच्या नमाजानंतर शिष्यांना कुराण शिकवीत. एकदा त्यांनी 'अल-माऊन' हे प्रकरण घेतले. कुराणातले हे एकशे सातवे प्रकरण, अवघ्या सात वचनांचे. त्याचा भावार्थ असा, की जो पोरक्या मुलाला झिडकारतो आणि भुकेल्याला अन्न देण्याची प्रेरणा दुसऱ्यांना करीत नाही, तो धर्मालाच खोटे म्हणतो. आणि जे दाखविण्यापुरती नमाज पढतात व साध्या मदतीलाही हात आखडता घेतात, त्यांचा धिक्कार असो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तेच प्रकरण पुन्हा घेतले. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. शिष्य कंटाळले. सुजा नावाच्या शिष्याने धीर करून विचारले, की गुरुजी, हे तर आम्हांला पाठ झाले, आता पुढचे का सांगत नाही? गुरुजींनी विचारले, खरोखर समजले का? सर्वांनी होय म्हटले. मग आचरणात आणले का? शिष्य म्हणाले, हो, आम्ही ते नमाजात रोज म्हणतो. गुरुजी म्हणाले, म्हणण्याला आचरण म्हणत नाहीत. जा, गावात हिंडा, निराधार मुले शोधा, त्यांना घरी आणा, साबणाने न्हाऊमाखू घाला, स्वच्छ कपडे द्या, जेवू घाला. तोवर पुढचा पाठ नाही.

शिष्य गेले. मुले आणली. आणि मगच पाठ पुढे सरकला.

भगिनींनो, देण्याची वृत्ती शिकवून येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर मला या प्रसंगात मिळाले. ती पाठांतराने येत नाही, हे खरेच. पण शिक्षक असा भेटला, की जो कृती झाल्याशिवाय पान उलटीत नाही, तर ती येते. त्याच सुजांकडे पुढे मुहम्मदियाच्या साहाय्य विभागाचे काम आले. १९२० सालच्या सभेत आपण रुग्णालय, अनाथाश्रम आणि गरिबांसाठी आसरा उभारू, असे त्यांनी सांगितले, तेव्हा सभेत हशा पिकला. तीन वर्षांनी, १९२३ साली, योग्यकर्त्यात संस्थेचा दवाखाना सुरू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहलान वारले. पुढच्या वर्षी सुराबाया शहरात असाच दवाखाना निघाला, त्याच्या उभारणीत राष्ट्रीय चळवळीतले डॉ. सुतोमो अग्रभागी होते. या कामात ख्रिस्ती धर्माच्या डच डॉक्टरांचीही मदत घेतली गेली, आणि दाराशी आलेल्या रोग्याला धर्म विचारण्याची चाल ठेवली नाही.

पैसा कोठून येई? दहलानांविषयी सांगतात, की शिक्षकांचे पगार थकले तेव्हा त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून घरातल्या चीजवस्तूंचा लिलाव पुकारला. लोकांनी बोली बोलून पैसे दिले, आणि वस्तू मात्र तिथेच ठेवून ते आपापल्या घरी गेले! संस्था जगवा, संस्थेवर जगू नका, अशा अर्थाचा त्यांचा उपदेश आजही तिथे सांगितला जातो. तो आपल्या कार्यालयातही लावून ठेवण्याजोगा आहे.

आता त्या घरातल्या गृहिणीकडे येऊ. सिती वालिदा त्यांचे नाव. लोक त्यांना न्याई दहलान म्हणत. न्याई हा धर्मगुरूच्या पत्नीला देण्याचा मान आहे. त्या १८७२ सालच्या, काऊमानमधल्याच. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नव्हते. जे शिकल्या ते घरी. १९१४ च्या सुमारास त्यांनी बायकांचा एक वर्ग सुरू केला. नाव ठेवले 'सोपो त्रेस्नो'. जावी भाषेत याचा अर्थ 'कोण माया करतो?' असा होतो. बायका एकत्र बसून कुराण वाचीत, अर्थ समजून घेत. आणि अर्थ समजला की तो आचरणात आणण्याची त्या घरची रीत इथेही लागू झाली. १९ मे १९१७ रोजी या वर्गातून रीतसर संस्था उभी राहिली. पैगंबरांच्या पत्नी आयेशा यांच्या नावावरून तिला 'आयशिया' म्हणू लागले. पहिल्या अध्यक्ष सिती बारिया झाल्या. आपल्याकडे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या प्रयत्नाने पुण्यास सेवासदन निघाले, १९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले; त्याच सुमाराची ही गोष्ट. दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींची वार्ताही नव्हती, आणि काम मात्र एकच चालू होते.

आयशियाने दोन वर्षांत, १९१९ साली, लहान मुलांची शाळा काढली. तिला फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाचे नाव दिले होते. इस्लामी बायकांच्या संस्थेने आपल्या बालवाडीला एका ख्रिस्ती जर्मनाचे नाव द्यावे, यात त्यांना काही अडचण वाटली नाही. दिवसभर बाटिकच्या कामात राबणाऱ्या बायकांसाठी संध्याकाळच्या नमाजानंतर साक्षरतेचा वर्ग भरे. काऊमानमध्ये बायकांसाठी स्वतंत्र प्रार्थनागृह बांधले गेले. १९२६ साली 'सुआरा आयशिया' हे मासिक निघाले; म्हणजे आयशियाचा आवाज. मुलींचे लग्न त्यांच्या मनाविरुद्ध लावण्यास न्याई दहलान यांचा विरोध होता, आणि १९२६ सालच्या सुराबायाच्या अधिवेशनात त्या व्यासपीठावरून बोलल्या. १९४६ साली त्या वारल्या. १९७१ मध्ये इंडोनेशियाने त्यांना राष्ट्रवीर म्हणून गौरविले. त्यांच्या पतीला तो मान १९६१ मध्येच मिळाला होता.

यातला धर्माच्या शिकवणीचा भाग केवढा, असे कोणी विचारील. मला वाटते, सगळाच. दहलान बायकांना विचारीत, असे सांगतात, की परपुरुष डॉक्टरने तपासावे याची तुम्हांला लाज वाटते ना? मग तुमच्या मुली डॉक्टर का होत नाहीत? पडदा हे शिक्षण नाकारण्याचे कारण न होता शिक्षण देण्याचे कारण झाले. धर्मग्रंथ तोच. शिकविणाराने बोट कुठे ठेवले, यात फरक.

आता सभेतल्या दुसऱ्या बोलण्याकडे वळते, कडवेपणाकडे. २२ डिसेंबर १९२८ रोजी योग्यकर्त्यात इंडोनेशियातली पहिली महिला परिषद भरली. ती भरविणाऱ्या संस्थांत आयशिया होती, आणि तिच्याच शेजारी कॅथलिक बायकांची संस्थाही होती. एकमत झाले असे नव्हे. बहुपत्नीत्वाच्या प्रश्नावर आयशियाच्या सिती मुंजिया यांनी धर्माने दिलेल्या परवानगीची बाजू घेतली. इतर पुष्कळ जणींना ती मान्य नव्हती. मलाही ती मान्य नाही. पण मतभेद असूनही परिषद मोडली नाही. २२ डिसेंबर हा दिवस इंडोनेशियात आज मातृदिन म्हणून पाळतात.

पुढे मुहम्मदियाच्या शाळा साऱ्या द्वीपसमूहात पसरल्या, त्या जिथे ख्रिस्ती वस्ती अधिक आहे अशा भागांतही. पूर्वेकडच्या कुपांग शहरातल्या मुहम्मदिया विद्यापीठात निम्म्याहून अधिक विद्यार्थी ख्रिस्ती आहेत. एंडे येथील मुहम्मदिया शाळेत ख्रिस्ती मुलांना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण ख्रिस्ती शिक्षकाकडून मिळते. याविषयी अब्दुल मुती आणि फजर रिझा उल हक यांनी २००९ साली पुस्तकच लिहिले. ते अब्दुल मुती पुढे मुहम्मदियाचे सरचिटणीस झाले.

पण एकीकडचे गोड तेवढे सांगून भागत नाही. इतिहासाच्या शिक्षिकेने तर नाहीच नाही. सुधारकांच्या उत्साहात जुन्या लोकांच्या श्रद्धांना, पूर्वजांच्या कबरींना भेट देण्यासारख्या चालींना, धक्के बसले. त्या जुन्या परंपरेच्या रक्षणासाठी १९२६ साली हाशिम अशआरी आणि त्यांचे सहकारी यांनी 'नहदतुल उलामा' ही संस्था काढली. तिच्या पेसांत्रेन म्हणजे निवासी धर्मशाळांतून गुरूच्या घराभोवती राहून मुले शिकतात. दोन्ही संस्थांत पुष्कळ वर्षे चढाओढ राहिली. आणि १९६५-६६ साली इंडोनेशियात साम्यवादी असल्याच्या आरोपावरून लाखो माणसे मारली गेली, तेव्हा धर्मशिक्षण घेतलेल्या तरुणांचे हातही त्यांत रंगले. नहदतुल उलामाचे युवक त्यात होते. मुहम्मदियानेही त्या वेळी साम्यवाद्यांच्या उच्छेदाला धर्मकार्य म्हटले होते. अल-माऊन पाठ असलेल्या देशात हे घडले, हे लिहिताना लेखणी अडखळते.

म्हणून केवळ शाळा पुष्कळ काढल्या की माणसे आपोआप समंजस होतात, असे मी म्हणणार नाही. मी एवढेच म्हणेन, की त्याच शिकवणुकीतून चुकीची कबुली देणारी माणसेही निघाली. हाशिम अशआरी यांचे नातू अब्दुर्रहमान वाहिद पेसांत्रेनमध्येच शिकलेले. ते १९९९ साली राष्ट्राध्यक्ष झाले. २००० साली त्यांनी त्या हत्यांबद्दल आपल्या संस्थेच्या वतीने जाहीर क्षमा मागितली. चिनी वंशाच्या लोकांवर आपले सण उघडपणे साजरे करण्यास १९६७ पासून बंदी होती. तीही त्यांनी त्याच वर्षी उठविली. २०१९ साली नहदतुल उलामाच्या विद्वानांनी ठरविले, की मुसलमानेतर नागरिकांना काफिर म्हणू नये. ते आपल्यासारखेच देशाचे नागरिक आहेत. ज्या शब्दाने शंभर वर्षांपूर्वी दहलानांना दुखविले, तो शब्द शेजाऱ्यासाठी वापरू नये, असे धर्म शिकविणारांनीच सांगावे, याला मी मोठी गोष्ट समजते.

आज मुहम्मदियाची शंभराहून अधिक रुग्णालये आहेत, दीडशेहून अधिक महाविद्यालये व विद्यापीठे आहेत, आणि आयशियाच्या बालवाड्या हजारोंनी मोजाव्या लागतात. योग्यकर्त्यात आयशियाचे स्वतःचे विद्यापीठही आहे. जकात गोळा करण्याविषयी इंडोनेशियाने १९९९ साली कायदा केला आणि २०११ साली तो सुधारला. ब्रिटनमधील एक संस्था निरनिराळ्या देशांतली माणसे परक्याला मदत किती करतात, पैसा किती देतात, वेळ किती देतात, याची पाहणी करीत असे. तीत २०१८ साली, आणि पुढे २०२१ ते २०२४ ही चारही वर्षे, पहिला क्रमांक इंडोनेशियाचा लागला. तो देश काही श्रीमंत देशांत मोडत नाही. तेव्हा दान संपत्तीतून येते, हाही समज सोडून द्यायला हरकत नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो आपल्या त्या सभासद भगिनींना वाचून दाखविला, आणि त्या दिवशी गप्प बसल्याबद्दल त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "बाई, मीही गप्पच बसले होते की." मग त्यांनी आतून एक जुने पितळी मापटे आणून दाखविले. ते त्यांच्या सासूबाईंचे. दर ईदेला माणशी धान्य त्याच मापाने काढायचे, आणि घरातल्या लहान मुलाचा वाटा त्याच्याच हाताने टाकवून घ्यायचा, अशी त्या घरची शिस्त. सासूबाई म्हणत, मोजून द्यावे, म्हणजे देणाराचा मोठेपणा त्यात शिरत नाही.

भगिनींनो, मला आपल्या मंडळाला एक सुचवायचे आहे. वर्षातून एकदा दारोदार जाऊन वर्गणी मागण्यापेक्षा प्रत्येक घरी एक डबा ठेवावा. महिन्याच्या पहिल्या तारखेला, आपल्याला झेपेल तेवढे पण एकदा ठरविले की न चुकता, त्यात टाकावे. आणि ते घरातल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाताने टाकावे. आपल्या सणांना आपण टाकू, त्यांच्या सणांना त्या टाकतील. जमा झालेला पैसा कोणाला गेला, हे मुलांना नेऊन दाखवावे. नुसते सांगू नये. पहिला डबा माझ्या घरी ठेवला आहे. दुसरा कोणाच्या घरी आहे, हे आता वेगळे सांगायला नको.

पुढच्या सभेत हा विषय निघेल, तेव्हा आपण सर्वांनी बोलावे. मीही बोलेन.